शीर्षक नांदेडला, मजकूर लातूरला

जगात काही गोष्टी जोडीनंच शोभतात. पिठलं आणि भाकरी, वरात आणि बँड, थकबाकी आणि नोटीस. यांतली एक पुढे निघून गेली आणि दुसरी मागे राहिली, की जे दृश्य दिसतं ते करुण म्हणायचं की हास्यास्पद, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर अवलंबून. या यादीत मी आज आणखी एका जोडीची भर घालणार आहे: शीर्षक आणि मजकूर.

आता कुठल्याही कचेरीतला, पतपेढीतला, शिक्षणसंस्थेतला, संगणकावर टाइप केलेला कागद हातात घ्या. पहिल्या पानाच्या अगदी तळाशी, ठळक अक्षरात, खाली रेघबीघ मारून लिहिलेलं असतं, 'कर्जाच्या अटी व शर्ती'. आणि त्याखाली काही नाही. पान संपलं. अटी पुढच्या पानावर, शर्ती त्याच्याही पुढच्या. म्हणजे शीर्षक नांदेडच्या स्टँडवर उभं आणि मजकूर लातूरला जाऊन उतरलेला. मध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर. वाचणारा बिचारा लातूरला पोचतो आणि 'अरे, पण हे सगळं कशाबद्दल चाललंय?' म्हणून परतीची एस.टी. पकडतो.

कुणी म्हणेल, देशापुढे प्रश्न काय कमी आहेत? 2016 साली लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं, अशा मुलखात राहून हा गृहस्थ शीर्षकाचं रडगाणं गातोय! मान्य. पण त्या पाण्याच्या गाडीचंच घ्या ना. टाक्या एकमेकींना कडीनं जोडलेल्या होत्या आणि पुढे इंजिन होतं, म्हणून पाणी लातूरला पोचलं. कड्या न लावता, प्रत्येक टाकी मागून माणसं लावून ढकलत आणू, असं कुणी ठरवलं असतं तर ती अजून पंढरपूरच्या अलीकडेच असती. आपण कागदांच्या बाबतीत नेमकं हेच करतो. कडी लावत नाही. ढकलतो.

ढकलण्याचं हत्यार म्हणजे एण्टर.

आमच्याकडे मराठवाड्यात हे शास्त्र पूर्णत्वाला गेलेलं आहे. एका कचेरीत (कुठली ते विचारू नका, सगळ्या एकाच पुस्तकातून शिकल्या आहेत) एक गृहस्थ मान वाकवून एकच कळ ठोकत बसले होते. मी विचारलं, "काय करायलाव?"

"हेडिंग खाली सरकवायलोय."

"किती एण्टर झाले?"

"अकरा. मागल्या पत्राला नऊतच काम भागलं होतं."

चेहऱ्यावर असा भाव, की जणू विहिरीला अकराव्या परसावर पाणी लागलं. अकराव्या ठोक्याला शीर्षक दुसऱ्या पानाच्या माथ्यावर गेलं, गृहस्थांनी समाधानानं तंबाखू मळायला घेतली, आणि तेवढ्यात साहेबांच्या केबिनमधून कागद परत आला. साहेबांनी पहिल्या पानावर एक परिच्छेद वाढवला होता. झालं! अकरा मोकळ्या ओळी आपला बाडबिस्तरा घेऊन दुसऱ्या पानावर उतरल्या आणि त्यांच्या खाली, पानाच्या मध्यावर, शीर्षक. वर तळहाताएवढं पांढरं मैदान. मग सहा एण्टर खोडले. मग साहेबांना तो परिच्छेद नकोसा झाला. तो काढल्याबरोबर शीर्षक पुन्हा पहिल्या पानाच्या तळाला हजर. हा खेळ दुपारच्या चहापर्यंत चालला. या हिशेबानं महाराष्ट्रात रोज किती तास एण्टर ठोकण्यात जात असतील ते एखाद्या समितीनं काढावं. मात्र समितीच्या अहवालाचीही शीर्षकं तळाशी लोंबकळतील, म्हणून आग्रह नाही.

एण्टरपंथ हा या धर्मातला सर्वांत मोठा पंथ खरा; पण पोटपंथही आहेत. एक आहे आकारपंथ. शेवटच्या पानावर दोनच ओळी उरल्या की हे लोक अक्षराचा आकार बारावरून साडेअकरा करतात, मग अकरा, मग साडेदहा. शेवटी पत्र एका पानात बसतं आणि वाचायला भिंग लागतं. दुसरा समासपंथ. हे चारही बाजूंचे समास इतके आवळतात, की कागदाला भोक पाडून फाइलीला लावताना पहिलं अक्षर भोकात जातं. 'अर्जदार'चा 'र्जदार' होतो. तिसरे सत्पुरुष सरळ छापून घेतात आणि शीर्षक पेनानं पुढच्या पानावर पुन्हा लिहितात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. निदान त्यांना चूक दिसते तरी.

आता न्यायाची गोष्ट सांगतो. हा दोष त्या बोटांचा नाही. ती बोटं टायपिंगच्या क्लासात घडलेली आहेत. नांदेड काय, लातूर काय, रेमिंग्टनच्या खडखडाटात एक पिढी नोकरीला लागली. त्या यंत्रावर कागद हा खराखुरा कागद होता. खालून इंचभर वर पेन्सिलीची खूण करायची, खूण दिसली की थांबायचं, शीर्षक येत असेल तर कागद काढून नवा चढवायचा. मोकळी जागा सोडायची तर रूळ फिरवायचा. तिथं एकदा उमटलेली ओळ जागची हलत नसे. म्हणून तिथं रूळ फिरवणं बरोबर होतं. छापखान्यातला कंपॉझिटरही एकटं शीर्षक दिसलं की ते हातानं उचलून पुढच्या पानाला लावी आणि मागं पडलेली जागा शिशाच्या पट्ट्या सारून भरून काढी.

संगणकावर मात्र ओळ उमटलेली नसतेच. ती नुसती उभी असते. वर कुणी आलं की खाली सरकते, वरचं कुणी उठलं की वर सरकते, रेशनच्या रांगेसारखी. प्रिंटर बदलला, ओळी हलल्या. जुन्या ठशातला मराठी मजकूर युनिकोडच्या मंगलमध्ये आणला, की ओळी फुगून दहा पानांची बारा झाली. 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं लांबलचक लीगल कागद सोडून ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी वापरायचं ठरवलं. लीगल कागद चौदा इंच लांब, ए-फोर पावणेबाराच्या आत. ज्यांनी वर्षानुवर्षं चौदा इंचांच्या हिशेबानं एण्टर मारून ठेवले असतील, त्यांचे नमुने नव्या कागदावर कसे उतरले असतील याची कल्पनाच करवत नाही. हलत्या रांगेत खडूनं फुल्या मारून माणसं उभी करता येत नाहीत. त्यांना एवढंच सांगावं लागतं, की 'तू याचा हात सोडू नकोस.'

आणि हे सांगायची सोय यंत्रात आहे! हेच तर माझ्या संतापाचं कारण आहे. वर्ड उघडा, परिच्छेदाची खिडकी उघडा. तिला दोन दालनं आहेत. पहिल्यात सगळे जातात. दुसऱ्यात, जिथं ओळी आणि पानं तुटण्याचा कारभार आहे, तिथं कुणी जात नाही. माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीसारखं ते पडून असतं. तिथं चार चौकोन आहेत.

पहिला चौकोन विडो-ऑर्फन कंट्रोल. परिच्छेदाची एकच ओळ अलीकडे किंवा पलीकडे राहू नये याची काळजी हा घेतो. तो बहुधा आधीच चालू असतो. कुणाला कळू न देता काम करणारा कचेरीतला एकमेव कर्मचारी. दुसरा कीप विथ नेक्स्ट. म्हणजे पुढच्याला धरून राहा. शीर्षकाला हा लावला, की पुढचा परिच्छेद ज्या पानावर, शीर्षकही त्याच पानावर. नवरा बदलीच्या गावी गेला की बायकोही निघाली, तसं. तिसरा कीप लाइन्स टुगेदर. हा परिच्छेद मधून फोडायचाच नाही. आणि चौथा पेज ब्रेक बिफोर. या शीर्षकाला दर वेळी कोरं पान हवं. हा आमच्या मोठ्या साहेबांचा चौकोन. एखाद्याच ठिकाणी पान तोडायचं असेल तर कंट्रोल दाबून एण्टर. अकरा एण्टरांचं काम एका एण्टरात, तेही कायमचं. आणि शीर्षकाला वर्डमधली हेडिंगची शैली दिली, तर दुसरा आणि तिसरा चौकोन आपोआप लागून येतात. शंभर शीर्षकं असोत, शंभरही आपापल्या मजकुराचा हात धरून चालतात.

इथं एण्टरपंथी हसून म्हणतात, "केलं होतं की आम्ही. काही उपयोग नाही झाला." नाहीच होणार. कारण शीर्षकाखाली जरा मोकळं दिसावं म्हणून त्यांनी एक एण्टर मारलेला असतो. यंत्र शब्दाला पक्कं. त्याला सांगितलंय, पुढच्याला धरून राहा. आणि पुढचा कोण, तर तो रिकामा परिच्छेद. शीर्षक इमानानं त्या रिकाम्याचा हात धरून पानाच्या तळाशी उभं राहतं. सासरच्या मंडळींना न्यायला माणूस पाठवावा आणि त्यानं मोकळा टांगा घेऊन यावं, तसा प्रकार. मोकळी जागा हवी तर त्याच खिडकीच्या पहिल्या दालनात 'परिच्छेदानंतर किती' असा आकडा भरायची सोय आहे. आणि दुसऱ्या टोकाचे उत्साही लोकही असतात. ते सगळ्याच परिच्छेदांना एकमेकांचे हात धरायला लावतात. एवढं मोठं एकत्र कुटुंब एका पानात कसं मावणार? यंत्र कंटाळून वाटेल तिथं वाटणी करून टाकतं.

त्या पहिल्या चौकोनाच्या नावाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानाच्या माथ्यावर एकटी पडली तर इंग्रजी छापखानेवाले तिला विधवा म्हणतात आणि पहिली ओळ मागच्या पानाच्या तळाशी एकटी राहिली तर अनाथ. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीनं बांगड्या फोडण्यासारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक खेडं जे करू शकतं ते एवढ्या मोठ्या संगणक कंपन्यांना जमू नये? मी आपला त्यांना मागे राहिलेली ओळ आणि पुढे सुटलेली ओळ म्हणतो. काम तेच होतं, कुणाचा जीव दुखत नाही.

या सुटलेल्या ओळींचं दुःख फक्त मलाच आहे असं समजू नका. अमेरिकेतले डोनाल्ड नूथ नावाचे गणिती प्राध्यापक 1977 साली स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं पाहून इतके वैतागले, की त्यांनी लिहिणं बाजूला ठेवून पानं मांडणारी टेक नावाची प्रणालीच रचायला घेतली. बँकेतल्या माणसाला त्यातली एक गोष्ट फार भावते. त्यांनी प्रत्येक वाईट जागी पान तोडायला दंड ठेवला आहे! एकटी ओळ मागे राहिली, 150 दंड. एकटी ओळ पुढे गेली, आणखी 150. दंड 10000 केला तर तिथं पान तुटणारच नाही. यंत्र सगळ्या दंडांची बेरीज करतं आणि कमीत कमी भुर्दंड पडेल अशा जागी पान तोडतं. दंडव्याजाचा इतका सात्त्विक उपयोग आमच्या खात्यातही मी पाहिलेला नाही.

आणि आपल्या जुन्या लोकांना हे कळत नव्हतं असंही नाही. पोथी पाहा. सुटी पानं, आडवी. अध्यायाचं नाव सांगायचं ते अध्याय संपल्यावर, 'इति श्री' म्हणून. शीर्षक शेवटी असलं की ते तळाशी एकटं राहीलच कसं? शिवाय संदर्भ द्यायचा तो अध्यायाचा आणि ओवीचा. पान कुठंही तुटो, ओवी आपल्या जागी. ज्ञानेश्वरीच्या आवृत्त्या कितीही आकारांत निघोत, अठराव्या अध्यायातली ओवी सांगितली की सर्वांना सापडते.

याच्या उलट टोकाचं उदाहरण आमच्या नांदेडशी जोडलेलं आहे. 1708 साली नांदेडला गुरू गोबिंदसिंगजींनी ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. त्या गुरू ग्रंथसाहिबाची छापील प्रमाण प्रत 1430 पृष्ठांची. त्यांना पृष्ठ म्हणत नाहीत, अंग म्हणतात. नांदेडला उघडा, अमृतसरला उघडा की सातासमुद्रापार. अमुक अंगावर जे आहे ते त्याच अंगावर. पान कुठं संपतं याला किती अर्थ असू शकतो, हे आमच्या गावात गोदावरीच्या काठी ठाऊक आहे. आणि त्याच गावातल्या कचेऱ्यांत 'विषय' एका पानावर आणि 'संदर्भ' दुसऱ्या पानावर!

आता लातूरकडे वळू, नाहीतर आयुक्तालयासारखा याही बाबतीत पक्षपाताचा वाद व्हायचा. लातूर म्हणजे लातूर पॅटर्न. गल्लोगल्ली शिकवण्या, आणि प्रत्येक शिकवणीच्या सराव प्रश्नपत्रिका. अशी एक प्रश्नपत्रिका माझ्या पाहण्यात आली. सतरावा प्रश्न पानाच्या तळाशी, त्याचे चार पर्याय मागच्या बाजूला. पोरगं प्रश्न वाचतं, पान उलटतं, पर्याय वाचतं, प्रश्न विसरतं, पान उलटतं. 2025 साली नीटला 180 प्रश्न आणि 180 मिनिटं होती. मिनिटाला एक प्रश्न. त्यातली पंधरा सेकंदं कागद फडफडवण्यात घालवायची सवय आपण मुलांना सरावातच लावतो आणि वर बाप गावाकडचं रान गहाण टाकून फी भरतो. प्रश्नाला आणि पहिल्या तीन पर्यायांना 'पुढच्याला धरून राहा' सांगायला किती वेळ लागतो? चहा निवायच्या आत होतं.

इथवर आपण हसत आलो. आता बँकेतल्या माणसाच्या नात्यानं एक गोष्ट सांगतो, ती हसण्यावारी नेऊ नका.

कर्जाच्या कागदांत जामीनदाराचं हमीपत्र असतं. मजकूर चार पानं, आणि पाचव्या पानावर नुसतं 'जामीनदाराची सही' आणि एक रेघ. वर काही नाही. एण्टर कमीजास्त झाले आणि सही एकटी पुढे गेली, एवढंच कारण. पण वाचकहो, एका कोऱ्या पानावर नुसती सही म्हणजे काय, हे लक्षात घ्या. ते पान कुठल्याही चार पानांना जोडता येतं. आज पन्नास हजारांच्या हमीला जोडलेलं आहे. उद्या टाचणी काढून कुणी पाच लाखांच्या हमीला जोडलं तर त्या पानावर असं काय आहे जे 'नाही, मी इथला नव्हे' म्हणून ओरडेल? सही खरी, रेघ खरी, माणूस खरा. फक्त मजकूर दुसरा.

हे भय नवं नाही. 1899 च्या मुद्रांक कायद्याच्या तेराव्या कलमात सांगून ठेवलं आहे, की छापील मुद्रांकाच्या कागदावर दस्तऐवज असा लिहावा की तो मुद्रांक दुसऱ्या दस्तऐवजाला वापरता येणार नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी मुद्रांकाची एवढी काळजी घेतली, आणि आपण सही मात्र उघड्यावर सोडतो! जाणते वकील आणि जुने दस्तलेखक सहीच्या वर मजकुराच्या निदान दोन-तीन ओळी त्याच पानावर येतील हे बघतात, आणि प्रत्येक पानावर सही घेतात, ती हौस म्हणून नव्हे. शेवटच्या परिच्छेदाला 'पुढच्याला धरून राहा' आणि 'फुटू नकोस' असं सांगून ठेवलं, की सही कधी एकटी पडत नाही. दोन चौकोन. जामीनदाराचं दोन एकर रान त्या दोन चौकोनांच्या भरवशावर आहे.

आणि जामीनदार कोण असतो? मेहुणा असतो, शाळेतला मित्र असतो, शेजारचा गुरुजी असतो. तो भिडेखातर सही करतो. त्याला म्हणावं, "अण्णा, जरा वरचा मजकूर वाचून घ्या," तर तो म्हणतो, "तुम्ही हाव ना इथं. कुठं करायची तेवढं बोट ठेवून सांगा." ज्याचा आपल्या बोटावर इतका विश्वास आहे, त्याच्यासाठी त्या बोटानं दोन चौकोनांवर टिचकी मारायची नाही तर कशासाठी मारायची?

तेच तक्त्यांचं. थकबाकीचा तक्ता दुसऱ्या पानावर गेला, मथळ्याची ओळ पहिल्यावरच राहिली. आता दुसऱ्या पानावर आकड्यांचे चार रकाने. मुद्दल कुठलं, व्याज कुठलं, भरणा कुठला? ज्याला नोटीस आली तो शेतकरी बघतो आणि सगळ्यांत मोठा आकडा आपलाच धरून रात्रभर जागतो. मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर आपोआप छापायची सोयसुद्धा त्याच यंत्रात आहे. पण आपल्याला यंत्र म्हणजे रेमिंग्टनच, फक्त विजेवर चालणारं.

यावर आमच्या भागातलं सर्वांत जुनं आणि अजिंक्य उत्तर म्हणजे, "चालतंय की." हा एक वाक्प्रचार नसता तर मराठवाड्याचा अनुशेष केव्हाच भरून निघाला असता. रस्ता उखडला, चालतंय की. नळाला आठवड्यानं पाणी, चालतंय की. शीर्षक तळाला, सही उघड्यावर, चालतंय की. चालत नाही, साहेब. चालवून घेतात. आणि चालवून घेणारा नेहमी तो असतो ज्याच्या हातात कागद आहे. ज्याच्या हातात कळ आहे तो नव्हे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. संगणकाचे वर्ग घेणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात अक्षरांना रंग द्यायला शिकवण्याऐवजी हे चार चौकोन शिकवावेत. साहेब लोकांनी मसुद्यात 'सन्माननीय' घालण्यापूर्वी पानं उलटून पाहावीत. एण्टर ही कळ परिच्छेद संपला हे सांगायला आहे. तो कुठं राहायला जावा हे ठरवायला नाही.

आणि तुम्ही, ज्यांच्यापुढे उद्या कुणीतरी कागदांची चळत ठेवून 'इथं, इथं आणि इथं' असं बोट दाखवणार आहे, त्यांनी एवढंच करावं. शेवटचं पान बघावं. सहीच्या वर दोन ओळींचा तरी मजकूर नसेल, तर पेनाला टोपण लावावं, पेन खिशात ठेवावं आणि नम्रपणे म्हणावं, "आधी दोन ओळी खाली आणा. मग मी सही करतो."